बाल्कनीतल्या किल्ल्याचा रंग

बहरीनमध्ये बुदैयाच्या रस्त्यावर बैत अल-फजर दिसलं की माझं डोकं फिरतं. रोज दोनदा फिरतं, सकाळी ऑफिसला जाताना आणि संध्याकाळी माहूजला घरी परतताना. सरकारचे परदेशी पाहुणे उतरतात ते हे घर. खजुरांच्या झाडांमागे फिकट गुलाबी भिंती, उन्हं कलली की किंचित भगवट होणाऱ्या. लोक फाटकासमोर गाड्या थांबवून फोटो काढतात. फ्रिजला चिकटवायच्या चुंबकावर ते घर आहे, विमानतळावरच्या खजुराच्या डब्यावर आहे, इथल्या आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठावरसुद्धा एकदा होतं. तो अंक मी घरात येऊ दिला नाही.

फाटकाजवळ अरबी आणि इंग्रजीत एक पाटी आहे. पाटी सांगते की हा रंग मोत्याच्या शिंपल्याच्या आतल्या कडेवरून घेतलेला आहे. आणि दुरुस्तीनंतर इथे उतरलेला पहिला पाहुणा पहाटे बागेत फिरायला निघाला, भिंतीकडे बघून म्हणाला की हे तर पहाटेचं घर आहे, म्हणून नाव बैत अल-फजर. फजर म्हणजे पहाट, पहाटेची नमाज होते ती वेळ. वाचणारे लोक भारावल्यासारखे माना हलवतात आणि पुन्हा फोटो काढतात.

सगळं खोटं आहे. शिंपल्याचं खोटं आणि पाहुण्याचं तर धादांत खोटं. तो रंग माझ्या स्वयंपाकघरातल्या गेरूचा आहे. रांगोळी काढायच्या आधी उंबऱ्याला लावतात तो साधा गेरू, मी पुण्याहून येताना लोणच्याच्या बरणीशेजारी बॅगेत कोंबून आणलेला. ही गोष्ट बहरीनमध्ये तीन माणसांना माहीत होती. त्यांतला एक, माझा नवरा गुरुप्रसाद, आता रत्नागिरीत लोकांच्या गच्च्यांचं वॉटरप्रूफिंग करतो. दुसरी मी, एका ट्रेडिंग कंपनीत अकाउंटंट. आणि तिसऱ्याचा फोटो त्या घराच्या उद्घाटनाच्या बातमीत आहे, कात्री हातात घेतलेल्या साहेबांच्या उजव्या बाजूला.

त्याचं नाव संदेश. गुरुप्रसाद ज्या कंत्राटदार कंपनीत रंगांचा इंजिनियर होता, तिथला जनरल मॅनेजर. आमच्या मंडळाचा अध्यक्षही तोच. गणपतीच्या आरतीला झांजा घेऊन सगळ्यांत पुढे. बोलायला इतका गोड की त्याच्याशी फोनवर बोलून झालं की मला पाणी प्यावंसं वाटतं.

ही जुनी मळमळ या वर्षी वर आली ती स्पृहाच्या शाळेमुळे. स्पृहा माझी मुलगी, दहावीत आहे. मराठी सगळं समजतं, पण उत्तर इंग्रजीतून. शाळेत वक्तृत्वस्पर्धा होती आणि विषय होता, 'एका प्रसिद्ध सरकारी निवासस्थानाला त्याचा रंग आणि नाव कसं मिळालं'. विषय टेरेसा टीचरनी काढला होता. टेरेसा वसईच्या. वर्गात इंग्रजी आणि आमच्याशी मराठी.

"आय विल डू व्हाइट हाउस," स्पृहा म्हणाली. "एव्हरीथिंग इज ऑनलाइन."

मी भाकरी भाजत होते. म्हटलं, "अमेरिकेचं घर कशाला हवं? तुझ्या बापाने रंगवलेलं घर इथून वीस मिनिटांवर आहे."

तिने मान वर केली. "बाबांनी? बट दे सेड संदेश अंकल."

मी गॅस बंद केला. इतकी वर्षं मी तिला हे सांगितलं नव्हतं, कारण गुरुप्रसादने बजावलं होतं की पोरीच्या डोक्यात कडू घालू नकोस. त्या दिवशी मी सगळं घातलं.

त्या वेळी ते घर पांढरं होतं आणि त्याला नावही नव्हतं, कागदोपत्री नुसता नंबर. समुद्रातल्या दगडाच्या जुन्या भिंती आणि खाली खारं पाणी. दर वर्षी भारीतला प्लास्टिक पेंट लावायचा आणि दर वर्षी आतून मिठाचा लोणा फुटून त्याचे पोपडे पडायचे. कंपनीला दुरुस्तीचं काम मिळालं तेव्हा गुरुप्रसाद म्हणाला, भिंतीचा श्वास कोंडतोय, तिला चुनाच लावला पाहिजे. संदेश हसला. "गुरू, सरकारी पाहुणे राहायचेत तिथे. गोठा आहे का तो, चुना लावायला?"

त्याच वर्षी दिवाळीत स्पृहाला किल्ला हवा होता. सहा वर्षांची होती. पुण्याला मामाच्या सोसायटीत पोरं किल्ले करतात ते तिने व्हिडिओवर पाहिलेलं. पण इथे कुठली माती? गुरुप्रसाद तिला घेऊन समुद्रावर गेला आणि दोघांनी दोन बादल्या वाळू आणली. वाळूचा किल्ला उभा राहीना, सारखा ढासळायचा. मग त्याने ऑफिसातून नमुन्याचा चुना आणला, वाळूत कालवला आणि बाल्कनीत तट उभा केला. किल्ल्याला रंग हवाच. चुन्याच्या पाण्यात त्याने माझ्या डब्यातला गेरू ढवळला, चमचाभर डिंक घातला आणि बापलेकीने दोन हात मारले. एक बुरूज मात्र स्पृहाने हट्टाने घरात उरलेल्या प्लास्टिक पेंटने रंगवला, कारण तिला तो चकचकीत हवा होता. वर मावळे मांडले. एका मावळ्याचा हात बॅगेतच मोडला होता, त्याला तिने पहाऱ्यावर उभा केला, ते एका हाताने जमतं म्हणून.

दिवाळी संपली तरी ती किल्ला मोडू देईना. मी वैतागले. कपडे वाळत घालायला जागा नव्हती. पण किल्ला राहिला, हिवाळाभर राहिला, आणि फाल्गुन संपता संपता बुरुजाच्या चकचकीत रंगाला फोड आले. खाऱ्या वाळूने त्याला आतून फोडून काढला. चुना-गेरूचा तट मात्र जसाच्या तसा, उलट अधिकच नाजूक गुलाबी झालेला.

गुढीपाडव्याला संदेश आमच्याकडे जेवायला आला होता. गुरुप्रसादने त्याला हाताला धरून बाल्कनीत नेलं. श्रीखंडाची वाटी हातात घेऊन संदेश किल्ल्यासमोर उकिडवा बसला. फोडावर नख लावून बघितलं, मग तटावर बोट फिरवलं. "गुरू," तो म्हणाला, "हा रंग विकता येईल." मला ते वाक्य आवडलं होतं. खोटं कशाला बोलू, मी त्याला आणखी श्रीखंड वाढलं.

पुढे सहा महिने गुरुप्रसाद आनंदात होता. नमुने केले, मंजुरी आली. सप्टेंबरात काम सुरू झालं. चुन्याचा हात उन्हात मारला की तो भुकटी होऊन झडतो, म्हणून गुरुप्रसादचा नियम असा की काम पहाटे सुरू करायचं आणि ऊन भिंतीवर चढलं की बंद. कामगार फजरची नमाज पढून बसमध्ये बसायचे. कामगारांच्या कॅम्पमध्ये बाकीच्या साइट्सना नंबर होते, हिला मात्र बसचा ड्रायव्हर जुनैद हाक मारायचा, "फजरवाला घर! यल्ला, चलो, फजरवाला घर!" जुनैदचं ऐकून फोरमन तसंच म्हणू लागले, फोरमनचं ऐकून ऑफिसवाले आणि त्यांचं ऐकून अरबी साहेब. असं आलं ते नाव. पुढे तिथे उतरलेला पहिला पाहुणा तर पहिल्या दिवशी दहाच्या आधी खोलीबाहेर आलाच नाही, हेही जुनैदनेच सांगितलं, त्यालाच सामान पोचवायला नेलं होतं.

डिसेंबरात काम संपलं आणि जानेवारीत पाऊस आला. इथे पाऊस वर्षात चार वेळा येतो, पण आला तो दोन दिवस थांबलाच नाही. चुना ओला झाला की त्यातला गेरू उघडा पडतो. सगळ्या भिंतींवर लालभडक ओघळ आले. खाटीकखान्यासारखं दिसत होतं, हे मीच म्हणते, मी पाहिलंय. आणि आठवड्यावर पाहुणा आलेला. वरून फोन, त्याच्या वरून फोन. गुरुप्रसाद सगळ्यांना एकच सांगत होता, थांबा, वाळू द्या, चुना हवेतच पिकतो, पंधरा दिवसांत याहून सुंदर दिसेल. कोण थांबतंय? पाहुण्याला हॉटेलात उतरवावं लागलं. मीटिंगमध्ये विचारलं गेलं की ही कल्पना कोणाची. संदेशने गुरुप्रसादकडे बघितलंही नाही. म्हणाला, आमच्या इंजिनियरने परस्पर केलं.

"आणि बाबा?" स्पृहाने विचारलं.

"गप्प बसले तुझे बाबा."

त्याच आठवड्यात त्याला काढलं. मी भांडले. म्हटलं, तोंड उघड, पाडव्याचं सांग, नमुन्यांवर त्याच्या सह्या आहेत ते सांग. तो म्हणाला, "भिंत वाळू दे. तीच बोलेल." सामान बांधताना म्हणाला, "तुम्ही दोघी इथेच थांबा. पोरीची शाळा मोडायला नको." त्याच्या जाण्याच्या आधीच मला माझी नोकरी मिळाली. इंटरव्ह्यूत मला दोनच प्रश्न विचारले आणि लगेच कधीपासून येता म्हणाले. माझा व्हिसा झाला, माझ्या नावावर स्पृहाचा झाला. मला तेव्हा फार अभिमान वाटला होता. नवऱ्याला वाऱ्यावर सोडणाऱ्या या शहरात मी स्वतःच्या जोरावर उभी राहिले, असं मी बहिणीला फोनवर सांगितलंही.

गुरुप्रसाद मायदेशी गेला आणि भिंत खरोखरच बोलली. फेब्रुवारीत ओघळ विरले, मार्चमध्ये तो रंग आला जो तुम्ही आज बघता. पुन्हा रंगवायचा ठेका रद्द झाला. कुठल्याशा परदेशी मासिकात फोटो आला, मग मोठ्या लोकांना घर आवडायला लागलं, मग पाटी आली, शिंपला आला. गुरुप्रसादला मात्र दुसरीकडे कोणी घेईना. आखातातला हा धंदा म्हणजे एक चाळ आहे, इकडे शिंकलं की तिकडे ऐकू जातं. सरकारी घर बिघडवणारा इंजिनियर ही त्याची ओळख झाली होती, आणि घर सुधारलं म्हणून ती कोणी पुसली नाही.

स्पृहाने वही उघडली. मग म्हणाली, "आय डोन्ट रिमेंबर द किल्ला." थोड्या वेळाने पुन्हा, "आय रिमेंबर अ मॅन विथ वन हँड."

"तोच. पहारेकरी."

तिने तीन दिवसांत भाषण लिहिलं. फार छान लिहिलं. इंग्रजीत, पण गेरू, किल्ला आणि मावळा हे शब्द तसेच ठेवून. शेवटचं वाक्य होतं की त्या घराला रंग दिला तो माझ्या वडिलांनी आणि त्यांचं नाव गुरुप्रसाद. मी ते तिच्याकडून रोज म्हणून घेत होते, जेवताना, गाडीत. शेवटचं वाक्य मीही तिच्याबरोबर मोठ्याने म्हणायचे आणि ती म्हणायची, आई, प्लीज.

मी टेरेसा टीचरना विचारलं की पुरावा लागेल का. त्या म्हणाल्या, "घरच्या माणसाची मुलाखत चालते गो. मला तर फार आवडली गोष्ट. पोरीला सांग, घाबरू नको, सरळ बोल." मग म्हणाल्या, "प्रमुख पाहुणे कोण आहेत माहीत आहे ना तुला? संदेश सर. बक्षीस त्यांच्या कंपनीचं आहे."

मला काय वाटलं सांगू? मला आनंद झाला. देवानेच त्याला आणून पहिल्या रांगेत बसवला असं वाटलं. इतकी वर्षं मंडळात त्याच्या हातून तीर्थप्रसाद घेताना मी जी गिळली होती ती सगळी चीड आता त्याच्या तोंडावर, माझ्या लेकीच्या तोंडून, माइकवरून जाणार होती. त्याच संध्याकाळी मी गुरुप्रसादला फोन केला.

"व्हिडिओ कॉल लावीन. तुला ऐकायचंय. संदेश समोर बसलेला असणार."

त्याच्या मागे कुठेतरी पत्र्यावर काहीतरी घासल्याचा आवाज येत होता, बहुतेक कामावरच होता. मग म्हणाला, "कशाला गो आता हे?"

"तुझं नाव निघायला हवं म्हणून."

"नाव निघून काय करायचं?" तो म्हणाला. मी रागावून फोन ठेवला. हा माणूस असाच, असं मनात म्हटलं. स्वतःच्या तोंडाने स्वतःचं काही सांगणं त्यांच्या घरात पाप समजतात. म्हटलं, तू नको सांगूस, लेक सांगेल.

स्पर्धेच्या दिवशी मी अर्धी रजा टाकली आणि ठेवणीतली साडी नेसले. हॉल भरलेला. संदेश पहिल्या रांगेत, पांढऱ्या कुडत्यात. मला बघून उठला, दोन्ही हात जोडले. "वहिनी! गुरू कसा आहे? त्याला म्हणावं, आठवण काढतो." मी म्हटलं, "तोही काढतो." मागच्या रांगेत बसून मी फोन पर्सला टेकवून उभा केला. पडद्यावर गुरुप्रसाद, दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसलेला. मला बरं वाटलं. म्हणजे त्यालाही हवंच होतं, असं मी समजले.

स्पृहाच्या आधी कीथ नावाचा मुलगा बोलला. त्याने व्हाइट हाउस घेतलं होतं. म्हणाला, लोक सांगतात की इंग्रजांनी आग लावली आणि काळे डाग झाकायला ते पांढरं रंगवलं, पण हे खरं नाही. आगीच्या कितीतरी आधी त्या सच्छिद्र दगडाला थंडीत तडे जाऊ नयेत म्हणून चुना लावला होता. लोक आगीच्या आधीपासूनच त्याला व्हाइट हाउस म्हणत, सरकारी शिक्का मात्र फार नंतर बसला. मुलाने मान ताठ ठेवून सांगितलं की गोष्ट गोड आहे, पण खरं कारण चुना आहे. मी जोरजोरात टाळ्या वाजवल्या. चुना! जगातलं सगळ्यांत मोठं घर आणि आमचं घर, दोन्हीकडे तेच. ही तर आमचीच वाट झाडून ठेवली पोराने.

मग स्पृहा आली. माइक खाली केला. माझ्याकडे बघितलं नाही.

"वन्स, देअर वॉज अ पर्ल डायव्हर," तिने सुरुवात केली.

मला वाटलं, आधी खोटी गोष्ट सांगेल आणि मग ती खोडून काढेल, कीथसारखी. शिंपला आला. शिंपल्याची कड आली. जाणत्या डोळ्यांनी ती निवडली, असं आलं. पहिला पाहुणा बागेत आला, पहाट झाली. मी वाट बघत होते. ती छान बोलत होती, हात हलवत, थांबत, आवाज चढवत उतरवत. पहाटेचं घर, ती म्हणाली, आणि थँक यू म्हणून वाकली. टाळ्या झाल्या. संदेश मागे वळून माझ्याकडे बघत टाळ्या वाजवत होता.

मीही वाजवल्या. आजूबाजूचे बघत होते. फोनच्या पडद्यावर गुरुप्रसादही वाजवत होता.

तिला पहिलं बक्षीस मिळालं. कीथला दुसरं. परीक्षक म्हणाले, माहिती चोख होती पण स्पृहाच्या कथेत काव्य होतं. संदेशने तिच्या हातात चषक दिला, तिला आपल्या शेजारी उभं केलं आणि माइक घेतला.

"आज एक गुपित सांगतो," तो इंग्रजीत म्हणाला. "शिंपला वगैरे खरंच आहे. पण तो रंग मी पहिल्यांदा कुठे पाहिला माहीत आहे? आम्हा मराठी लोकांत दिवाळीला मुलं किल्ला करतात. एका बाल्कनीत, आमच्या घरच्याच एका चिमुरडीने केलेला किल्ला होता. मी तिच्यासमोर जमिनीवर बसलो आणि मला रंग सापडला. वर एक छोटा शिपाई होता, एका हाताचा." लोक हसले, कोणीतरी 'ऑ' केलं. "मोठ्यांनी लहानांकडून शिकावं ते असं."

स्पृहा त्याच्या शेजारी उभी होती, चषक छातीशी धरून. एका हाताचा शिपाई ऐकल्यावर तिने पहिल्यांदा मान वळवून त्याच्याकडे बघितलं, आणि मग माझ्याकडे. तिचं तोंड उघडं राहिलं होतं. समोर कॅमेरे होते. तिने ते मिटलं.

पर्सला टेकलेल्या फोनमधून गुरुप्रसादचा आवाज आला. "बरं झालं," तो म्हणाला. "किल्ल्याचं तरी नाव निघालं."

मी फोन बंद केला.

गाडीत बसल्यावर मी काच वर केली आणि ओरडले. काय काय बोलले ते आठवत नाही. बापाचं नाव तोंडात आलं नाही का, कोणी विकत घेतलं तुला, त्या पितळी भांड्यासाठी का. ती ऐकून घेत होती. मी दमल्यावर म्हणाली, "बाबा कॉल्ड मी. लास्ट संडे."

"काय म्हणाला?"

तिने थांबत थांबत सांगितलं, थोडं इंग्रजी, थोडं बापाच्या शब्दांत. मीटिंगच्या दिवशी संदेशने बाबांना केबिनमध्ये बोलावलं होतं. म्हणाला, गुरू, तुला मी वाचवू शकत नाही, पण तू चूक तुझी म्हणून कबूल कर आणि शांतपणे जा. वहिनींना माझ्या मित्राच्या कंपनीत लावून देतो. पोरीचा व्हिसा त्यांच्या नावावर होईल, तिची शाळा सुरू राहील. फक्त पुन्हा हा विषय नको, कधीच नको. बाबांनी हो म्हटलं. आणि रविवारी बाबा म्हणाले की बाळा, तुझी दहावी आहे, आईच्या व्हिसाचं नूतनीकरण या महिन्यात आहे, संदेशकाका समोर बसलेले असणार. पाटीवर आहे तेच बोल. आईला सांगू नकोस, तिला वाटतं नोकरी तिने मिळवलीय. ते तिला वाटू दे.

रस्त्यावर गाड्या चालल्या होत्या. इंटरव्ह्यूतले ते दोन प्रश्न मला आठवले. नाव काय, आणि संदेशभाईंना कधीपासून ओळखता.

म्हणजे तो रंग मी रोज खात होते. माझा पगार, माहूजचा फ्लॅट, स्पृहाची फी, अंगावरची ही साडी, सगळं त्याच गप्प बसण्यातून आलेलं, आणि मी मात्र इतकी वर्षं नवऱ्याला भित्रा म्हणत होते. तोंडावर म्हणत होते. मला त्याचा राग आला, फार राग आला. मला न विचारता त्याने माझी किंमत ठरवली आणि चुकती केली. आणि त्या रागाखाली जे होतं त्याने मला स्टिअरिंगवर डोकं टेकायला लावलं.

स्पृहा खिडकीबाहेर बघत होती. चषक पायांशी आडवा पडला होता. मग ती बोलली, मराठीत. मी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर म्हणून नाही, आपणहून.

"आई, तो किल्ला माझा होता."

"हो."

"आमच्या घरच्याच एका चिमुरडीने म्हणाला तो. ती मी होते. बाबांनी माझ्यासाठी केला होता तो." तिने चषक पायाने ढकलला. "भाषणात खोटं बोलायला मी तयार होते. पण त्याने तोही घेतला. मी उद्या टेरेसा टीचरना सांगणार. सगळ्यांसमोर सांगणार. कप परत देणार."

हेच ऐकायला मी इतकी वर्षं थांबले होते. रोज दोनदा त्या भिंतींसमोरून जाताना मी मनात हेच बोलत होते, अगदी याच त्वेषाने. माझ्या लेकीने माझाच राग घेतला होता, आणि तो तिला शोभत होता. व्हिसाचा अर्ज माझ्या टेबलावर होता, साहेबांची सही व्हायची होती. साहेब म्हणजे संदेशचा मित्र.

मी गाडी सुरू केली.

"नको," मी म्हटलं. "कुठे काही बोलू नकोस."

तिने माझ्याकडे बघितलं. मग मान वळवली आणि म्हणाली, "ओके." पुन्हा इंग्रजीत. त्यानंतर आजपर्यंत ती माझ्याशी मराठीत बोललेली नाही.